आवाज केवढा?

बर्डीवर, लालवानींच्या दुकानात,
मे महिन्यात सकाळी साडेदहालाच
शटरचं लोखंड हाताला चटका देत होतं.
किती वॅटचा दाखवू, काकू? साडेसातशे? हजार?
मी म्हटलं, वॅट राहू द्या.
आवाज केवढा?

त्यांनी चष्मा काढला.
अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न
कोणी विचारला नव्हता म्हणे.

आता त्यांना काय सांगू,
की माझ्या डोक्यावर सुकेशनी मेश्राम झोपते.
मेडिकलला रात्रपाळी, जळिताचा वॉर्ड.
सकाळी नऊला येते, चपला हातात घेऊन जिना चढते
(माझी झोप मोडू नये म्हणून,
मी पाचपासून जागी असते),
पडदे ओढते,
आणि संध्याकाळपर्यंत माझं छत
तिचं अंथरूण असतं.

फ्रीजरमध्ये फेब्रुवारीपासून संत्र्याच्या फोडी होत्या,
सोललेल्या, बिया काढलेल्या, नखानं, एकेक.
एक बी राहिली की अख्खा पेला कडू.
जुन्या मिक्सरनं त्यांना नुसतं हिंदकळवलं,
मग जळक्या रबराचा वास आला,
मग काहीच आलं नाही.

रिकाम्या भांड्यात सगळेच गोड गुणगुणतात, मी म्हटलं,
बर्फ टाकून दाखवा.
लालवानींनी चेतनला समोरच्या रसवंतीत पिटाळलं.
तो गोणपाटात लादीचा तुकडा घेऊन आला,
निम्मा रस्त्यालाच पाजून.

पहिला किंचाळला.
फुटपाथवरचा चादरीवाला आत डोकावून गेला.
दुसऱ्याचं पातं खाली गरगर फिरत राहिलं
आणि बर्फ वर निवांत,
मध्ये हवेची पोकळी,
जशी अर्ज आणि साहेब यांच्यामध्ये असते.
तिसरा आधी कडकडला,
दाढेखाली फुटाणा यावा तसा,
मग त्याचा आवाज उतरत गेला, घोगरा झाला, मऊ झाला.
बर्फाचा भुगा झाला
ते मला डोळे मिटून कळलं.

अडतीसशे सांगितले, तेहतीसशे दिले,
वर झाकणाचं एक जास्तीचं रबर मागून घेतलं.

घरी येऊन मी शहाणपणा केला:
आवाज दबावा म्हणून त्याला गोधडी पांघरली.
दोन मिनिटांत तो तापला आणि
मुकाट्यानं बंद पडला.
मोटारीलाही नाक असतं, बाई.
तासभर त्याला पंख्याखाली ठेवून
मी त्याची माफी मागत बसले.

आता गोधडी खाली, चौघडी करून,
अंगावर काही नाही.
आधी थोडं पाणी, चिमूट मीठ,
मग फोडी, बर्फ सगळ्यात वर.
एकदम जोर नाही. एक झटका, थांब. एक झटका, थांब.
अडलंच तर बंद करून
लाकडी उलथण्यानं समजूत काढायची.
रंग फिका होतो, भगव्याचा पिवळा,
आणि भांड्याला बाहेरून घाम सुटतो तेव्हा
झालं.

हे सगळं संध्याकाळी सातला.
ती उठलेली असते, डबा भरत असते,
वर नळाचा आवाज येतो.
जिन्यावर मी पेला घेऊन उभी.
तिनं पायरीवरच बसून चमच्यानं खाल्लं,
दोन्ही हातांत पेला धरून,
मग तो गार पेला कपाळाला लावला.

काकू, तुम्ही दुपारी काऊन नाही करत?
तापून राहिलं असते तेव्हाच तर पाहिजे.
मी म्हटलं, तुझी झोप.
ती इतकी हसली की संत्र्याचा बर्फ
युनिफॉर्मवर सांडला.
अहो, माझा कूलर विमानासारखा चालते!
खाली तुम्ही भिंत पाडली
तरी मले ऐकू नाही येत.

लालवानींना हे सांगायला हवं, एकदा.
बर्डीला गेले की राहून जातं.

मिक्सर मी अजून सातलाच लावते.
दुपारी जिन्यावर
कोणी येत नाही.